ससा घरात मोकळा सोडावा का?

मे महिन्यातील दुपार. नागपूरच्या सदर भागातील एक घर. बाहेर रेसिडेन्सी रोडवर उन्हाचा भडका उडाला आहे. खिडकीत कूलर घरघरत आहे आणि वाळ्याचा वास खोलीभर पसरला आहे. या घरात चार दिवसांपूर्वी एक पांढराशुभ्र ससा आला आहे, असे समजा. त्याच्याबरोबर तारेचा पिंजराही आला आणि तो गॅलरीत ठेवला गेला. पहिले दोन दिवस ससा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. तिसऱ्या दिवशी धाकट्या मुलाने पिंजऱ्याचे दार उघडले. तासाभरात सशाने घराची पाहणी केली, गादीचा कोपरा उकरला, पलंगाखाली लेंड्या टाकल्या आणि टेबलपंख्याची वायर कुरतडायला सुरुवात केली. पंखा बंद होता म्हणून बरे!

लगेच घरात दोन पक्ष पडले. आई म्हणाली, “आधी त्याला पिंजऱ्यात घाल.” मुलगा म्हणाला, “तो काय कैदी आहे?”

विद्यार्थिमित्रहो, या भांडणात कोणाचे बरोबर? उत्तर देण्यापूर्वी आपण सशाच्या शरीराकडे नीट पाहू या. त्याचे दात, त्याचे पोट, त्याचे पाय आणि त्याचे कान यांनाच हा प्रश्न विचारू या.

हा ससा रानातला नव्हे

नागपूरभोवतीच्या माळरानावर आणि झुडपी जंगलात आपल्याला जो ससा दिसतो तो आणि पिंजऱ्यातून विकत मिळणारा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. मराठीत दोघांनाही ‘ससा’ असेच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. आपल्या रानातील ससा म्हणजे लेपस नायग्रिकॉलिस. तो बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाखाली अंगापुरता खळगा करून तो बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात आणि त्यांचे डोळे उघडे असतात. पाळीव ससा म्हणजे ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. त्याचे मूळ घर स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या भूमीत आहे. तो जमिनीत लांबलचक बिळे खणतो आणि कळपाने राहतो. त्याची पिल्ले उघडीबोडकी आणि आंधळी जन्मतात. रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, तर पाळीव सशाच्या पेशीत ४४.

रानससा पकडून घरी आणणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. गवतात एकटे बसलेले पिल्लू ‘अनाथ’ समजून उचलून आणू नये. त्याची आई जवळपासच असते आणि ठरावीक वेळी येऊन त्याला पाजते. या लेखात ज्याचा विचार करायचा आहे तो बिळात राहणाऱ्या प्राण्याचा वंशज, म्हणजे पाळीव ससा. ‘बीळ’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

डार्विनने मोजलेला मेंदू

पिंजऱ्याचा सशावर काय परिणाम होतो, हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. पाळीव प्राणी आणि वनस्पती यांच्यात होणाऱ्या बदलांवर त्याचा मोठा ग्रंथ १८६८ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्याने रानटी आणि पाळीव सशांच्या कवट्या व हाडे मोजली. शरीराच्या मानाने पाळीव सशाचा मेंदू लहान आहे, असे त्याला आढळले. त्याने कारण सुचवले ते असे : पिढ्यान् पिढ्या कोंडून ठेवल्यामुळे या सशांना बुद्धी, ज्ञानेंद्रिये आणि हालचाल यांचा पुरेसा उपयोग करावा लागला नाही.

दीडशे वर्षांनी, २०१८ साली, शास्त्रज्ञांनी सारख्याच परिस्थितीत वाढवलेल्या रानटी व पाळीव सशांच्या मेंदूंची चुंबकीय प्रतिमा घेऊन तपासणी केली. डार्विनचे मोजमाप बरोबर ठरले. पण आणखी एक गोष्ट दिसली. मेंदूतील अमिग्डाला हा भाग भीतीशी संबंधित असतो. पाळीव सशात तो लहान झाला होता, आणि भीतीला आवर घालणारा मेंदूच्या पुढील बाजूचा एक भाग मोठा झाला होता. दोन्ही गटांचे ससे सारखेच वाढवलेले असल्यामुळे हा फरक केवळ पिंजऱ्याने घडवलेला नव्हता. माणसाने पिढ्यान् पिढ्या कमी घाबरणारे ससे निवडले, त्याचा हा परिणाम होता. निरीक्षण अचूक असूनही त्याचे स्पष्टीकरण पुढे बदलते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आपल्या प्रश्नासाठी यातून काय मिळते? पाळीव ससा माणसाच्या सहवासात राहू शकेल इतका धीट झाला आहे. मात्र त्याचे बाकीचे शरीर अजून बिळात राहणाऱ्या प्राण्याचेच आहे. लहान पिंजऱ्यात बसून राहणाऱ्या सशाची हाडे विरळ व ठिसूळ होतात, स्नायू दुर्बळ होतात, वजन वाढते. म्हणून त्याला रोज काही तास पळायला मिळाले पाहिजे, याबद्दल आज पशुवैद्यांत दुमत नाही. घरात मांजर जसे वावरते तसा ससाही वावरू शकतो, या विचाराचा प्रसार अमेरिकेत १९८०च्या दशकात सुरू झाला. १९८८ साली कॅलिफोर्नियात यासाठी ‘हाउस रॅबिट सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. पण मांजराला मोकळे सोडणे आणि सशाला मोकळे सोडणे यांत फरक आहे. तो फरक दातांपासून सुरू होतो.

न थांबणारे दात

सशाला एकूण २८ दात असतात. समोरचे पटाशीचे दात आपल्याला दिसतात. वरच्या जबड्यात या दातांच्या मागे आणखी दोन चिमुकले दात लपलेले असतात. उंदीर-खारीला ते नसतात. एके काळी सशाची गणना उंदरांबरोबर कृंतक प्राण्यांत होत असे. १९१२ साली त्याला लॅगोमॉर्फा या स्वतंत्र गणात घालण्यात आले. त्यामागील एक ठळक खूण म्हणजे हे लपलेले दात.

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर, म्हणजे वर्षाला दहा सेंटिमीटरहून अधिक वाढतात. दाढाही वाढतच असतात. दिवसाचे अनेक तास चरबट गवत चघळल्यामुळे त्या झिजतात आणि वाढ व झीज यांचा मेळ बसतो. गवत मिळाले नाही तर दाढांना टोके येतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात, आणि ससा अन्नासमोर उपाशी बसतो.

तेव्हा कुरतडणे हा खोडकरपणा नव्हे. तो सशाच्या शरीराचा धर्म आहे. बिळात आडवी आलेली मुळी तो दातांनी छाटून टाकतो. घरात जमिनीलगत पसरलेली वायर त्याला तशाच मुळीसारखी वाटत असावी. मुळीत वीज नसते, वायरीत २३० व्होल्टची असते. म्हणून घरातील पहिले काम म्हणजे जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतच्या सर्व वायरी उचलणे किंवा जाड पाइपात घालणे. नागपुरात कूलरची वायर विशेष सांभाळावी. तिथे वीज आणि पाणी जवळजवळ असतात. त्याच वेळी सशाला कुरतडायला काही हक्काचे द्यावे : कडुलिंबाची वा बाभळीची वाळलेली काडी, पुठ्ठ्याचे खोके आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भरपूर वाळलेले गवत.

दोनदा पचणारे अन्न

गवत पचवणे सोपे नाही. गायीने त्यासाठी चार कप्प्यांचे पोट कमावले. सशाने वेगळा मार्ग काढला. त्याच्या लहान आणि मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर अंधनाल नावाची मोठी पिशवी असते. तिच्यात असंख्य सूक्ष्मजीव गवताचे बारीक कण आंबवतात. जाड तंतू बाजूला निघून कोरड्या गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. अंधनालात तयार झालेला माल मात्र मऊ, चकचकीत गोळ्यांच्या रूपात बाहेर येतो आणि ससा तो थेट तोंडाने घेऊन गिळतो. त्यात प्रथिने असतात, तसेच ब गटातील जीवनसत्त्वे असतात. पाहणाऱ्याला हे किळसवाणे वाटते, पण सशाचे ते दुसरे जेवण आहे. त्याला यापासून परावृत्त करू नये.

यावरून सशाला काय खायला द्यावे हेही ठरते. त्याचा मुख्य आहार गवत. हरळी, घरी वाळवलेले गवत, थोडा हिरवा पाला. चित्रांतील ससा नेहमी गाजर खाताना दाखवतात, पण गाजरात साखर बरीच असते. नागपूरकर प्रेमाने संत्र्याची फोड पुढे करतील. तीही चवीपुरतीच. जास्त साखर आणि पिष्ट मिळाले की अंधनालातील सूक्ष्मजीवांचा तोल बिघडतो आणि पोट फुगते. सशाला ओकारी करता येत नाही. त्यामुळे मोकळ्या सशाच्या वाटेत काय पडले आहे याला फार महत्त्व आहे. कण्हेरीची पाने, कांद्याची साले, उंदरांसाठी ठेवलेले औषध यांपैकी एकही वस्तू त्याच्या आवाक्यात नसावी. ससा दिवसभर काही न खाता बसला तर उद्याची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावे.

आता पलंगाखालच्या लेंड्यांकडे येऊ. ससा दिवसाला शंभराहून अधिक लेंड्या टाकतो. ऐकून आई हताश होईल! पण रानटी सशांना ठरावीक जागी लेंड्या टाकून आपल्या हद्दीची खूण करण्याची सवय असते. हीच सवय आपल्या उपयोगी पडते. सशाने स्वतः निवडलेल्या कोपऱ्यात एक पसरट घमेले ठेवावे, त्यात वर्तमानपत्र आणि तणस अंथरावी, त्याच्या थोड्या लेंड्या त्यात टाकाव्या आणि बाजूला गवत ठेवावे. खाता खाता विधी उरकणे सशाला आवडते. सुरुवातीला एकच खोली मोकळी ठेवावी. घमेल्याची सवय लागली की दुसरी खोली उघडावी. वयात आलेल्या सशाची पशुवैद्याकडून नसबंदी करून घेतल्यास हद्द आखण्याची खोड बरीच कमी होते. नर-मादी एकत्र असतील तर नसबंदी आवश्यकच आहे, कारण सशाचा गर्भकाळ अवघा एक महिन्याचा असतो.

गुळगुळीत फरशी आणि वरून येणारा हात

कुत्र्या-मांजरांच्या पायांना मऊ गाद्या असतात. सशाच्या तळव्यांना त्या नसतात, तिथे केस असतात. मातीवर किंवा गवतावर हे पाय उत्तम चालतात. चकचकीत टाइल्सवर ते घसरतात. ससा घाबरून एकदम उसळला आणि पाय घसरला तर इजा होते. सशाचा सांगाडा हलका आणि मागच्या पायांचे स्नायू फार बलवान असतात. अवघडून धरलेला ससा स्वतःच्याच लाथेच्या जोराने पाठीचा कणा मोडून घेऊ शकतो. म्हणून त्याच्या वाटेवर जुनी सतरंजी किंवा पोते अंथरावे. त्याला कानांनी तर कधीच उचलू नये. उचलावेच लागले तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली असावा.

सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचे आणि वरचेही दिसते, कारण घार कोणत्याही दिशेने येऊ शकते. फक्त नाकापुढचे थोडेसे मात्र त्याला दिसत नाही. आपला हात वरून झपकन आला की त्याच्या दृष्टीने ती घारच होय. जमिनीवर बसावे, बाजूने हात पुढे करावा आणि त्याला आपण होऊन जवळ येऊ द्यावे. भ्यालेला ससा मागचा पाय जमिनीवर आपटतो. बिळातील भावंडांना दिलेला तो इशारा असतो. खूश असलेला ससा धावता धावता हवेत उडी घेऊन अंगाला पीळ देतो. ही उडी पिंजऱ्यात कधीच दिसत नाही.

नागपूरचा उन्हाळा आणि सशाचे कान

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वरच्या गोष्टी पुण्यात किंवा नाशकातही लागू आहेत. नागपुरात मात्र सशाचा जीव उन्हाळ्यावर अवलंबून असतो.

सशाचे शरीर साधारण ३९ अंश सेल्सियस तापमानाला असते. १५ ते २० अंशांच्या हवेत तो सुखात असतो. हवा ३० अंशांच्या वर गेली की त्याला त्रास सुरू होतो. आपल्याला घाम येतो. त्याची वाफ होताना अंगातील उष्णता निघून जाते. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. सशाला घाम जवळजवळ येतच नाही. कुत्र्यासारखे जीभ बाहेर काढून धापा टाकणेही त्याला नीट साधत नाही. त्याच्याकडे उष्णता टाकण्याचे मुख्य साधन एकच, ते म्हणजे कान. पातळ, लांब कानांत रक्तवाहिन्यांचे जाळे असते. उष्मा वाढला की या वाहिन्या रुंदावतात, कानांत अधिक रक्त येते आणि त्यातील उष्णता हवेत जाते. थंडीत त्या आकुंचन पावतात आणि कान गार लागतात.

आता विचार करा. उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. खोलीत ३२ अंश असतील तर ३९ अंशांच्या कानातून उष्णता बाहेर जाईल, जरी सावकाश. पण गॅलरीत ४४ अंश असतील तर? मग प्रवाह उलटा होतो. जी खिडकी वारा यावा म्हणून उघडली तिच्यातूनच झळा आत येतात, तशी कानांची गत होते. मे महिन्यात नागपुरात पारा ४२-४३ अंशांवर जाणे नेहमीचेच आहे. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. अशा हवेत गॅलरीतील पिंजऱ्यात ठेवलेला ससा काही तासांत उष्माघाताने मरू शकतो.

मग स्पेनच्या कडक उन्हाळ्यात रानटी ससा कसा जगला? इथे आपला ‘बीळ’ हा शब्द परत येतो. जमिनीखाली हातभर गेले की दिवसरात्रीच्या तापमानातील फरक बराच कमी होतो. रानटी ससा दुपारभर बिळात पडून राहतो आणि पहाटे व संध्याकाळी चरायला बाहेर पडतो. म्हणजे उष्णतेशी तो शरीराने झगडत नाही. तो पायांनी तिच्यापासून दूर जातो. थंड जागा शोधणे हाच त्याचा घाम आणि हीच त्याची धाप.

पिंजरा नेमके हेच त्याच्याकडून काढून घेतो. पिंजऱ्यात ऊन आले तरी ससा हलू शकत नाही. मोकळा ससा मात्र आपण होऊन माठाच्या तिवईखाली, न्हाणीच्या उंबऱ्याजवळ किंवा शहाबादी फरशीच्या उघड्या तुकड्यावर पोट टेकून पसरतो. फरशी त्याच्या अंगातील उष्णता वहनाने ओढून घेते. त्याला मोकळे सोडण्याचे सर्वांत मोठे कारण हे आहे. हौस किंवा दया यांच्याही आधी ते येते.

आपण त्याला मदतही करू शकतो. मधल्या, सावलीच्या खोलीत त्याची जागा करावी. पाणी मातीच्या जड वाडग्यात ठेवावे. मेमध्ये हवा कोरडी असल्याने कूलरमधील पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि हवा गार होते. सशाला जे बाष्पीभवन जमत नाही ते कूलर त्याच्यासाठी करतो, असे म्हणता येईल. मात्र समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी, नाही तर खोलीतील ओल वाढून वाफ होणे मंदावते. पावसाळ्यात हवा आधीच दमट असते, म्हणून तेव्हा कूलरचा फारसा उपयोग होत नाही. वीज गेली तर उपयोगी पडावी म्हणून पाण्याची एक बाटली गोठवून ठेवावी आणि फडक्यात गुंडाळून सशाजवळ द्यावी. ससा निपचित पडला, कान तापून लाल झाले, श्वास जोराने चालू लागला तर हा उष्माघात समजावा. साध्या गार पाण्याने कान ओले करावे आणि लगेच पशुवैद्याकडे निघावे. बर्फाच्या पाण्यात त्याला बुडवू नये. सदरकरांना पशुवैद्यक शास्त्राचे मोठे केंद्र जवळच आहे. १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे.

मोकळा म्हणजे रानात नव्हे

एवढे सगळे करणे जमले नाही तर? काही जण कंटाळून ससा बागेत किंवा टेकडीवर सोडून देतात आणि आपण त्याला स्वातंत्र्य दिले असे समजतात. पांढऱ्याशुभ्र, भीती विसरलेल्या सशाला कुत्री, मांजरे आणि मुंगसे फार दिवस जगू देत नाहीत. आणि तो जगला तरी ते चांगलेच असेल असे नाही. १८५९ साली टॉमस ऑस्टिन याने इंग्लंडहून मागवलेले मोजके ससे शिकारीच्या हौसेपायी ऑस्ट्रेलियात सोडले. त्यांच्या वंशजांनी अर्ध्या शतकात त्या खंडाचा मोठा भाग व्यापला आणि शेती व कुरणे उजाड केली. ससा आठ-दहा वर्षे जगतो. तेवढी वर्षे त्याची जबाबदारी घेता येणार नसेल तर ससा न आणणे हेच शहाणपणाचे.

हे करून पाहा

ज्यांच्या घरी, शेजारी किंवा शाळेत ससा आहे त्यांनी घराचा साधा नकाशा काढावा. सकाळी ६, १० आणि दुपारी २, तसेच संध्याकाळी ६ व रात्री ९ वाजता ससा कुठे आहे याची नकाशावर खूण करावी. त्या जागेचे तापमान तापमापकाने मोजावे. ससा आखडून बसला आहे की पसरला आहे, कान उभे आहेत की पाठीला चिकटलेले, हेही लिहावे. असे आठ दिवस मे महिन्यात आणि आठ दिवस जानेवारीत करावे. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की सशाने घरातील कोणती जागा कधी निवडली ते कळेल. एक पथ्य मात्र पाळावे. प्रयोगासाठी सशाला मुद्दाम उन्हात किंवा गरम खोलीत ठेवू नये. आपण फक्त पाहायचे, निवड सशाने करायची.

आता सदरमधील त्या घरातील भांडणाचा निकाल लावता येईल. मुलाचे म्हणणे बरोबर होते, ससा मोकळाच हवा. आईचेही बरोबर होते, वायरी पसरलेल्या घरात तो मोकळा नको. पिंजऱ्याचे दार उघडण्यापूर्वी एक दिवस काढून दोघांनी मिळून जमिनीवर पालथे पडावे आणि सशाच्या उंचीवरून आपले घर पाहावे. काय उचलायचे, काय झाकायचे, गवत कुठे ठेवायचे आणि दुपारची गार जागा कोणती, हे तिथूनच दिसेल. मग दार उघडावे आणि पिंजराही तसाच दार उघडे ठेवून घरात राहू द्यावा, गॅलरीत नव्हे. दमलेला ससा झोपायला आपण होऊन आत जाईल. आपल्या भाषेत ‘ससेहोलपट’ असा शब्द आहे. घरात हौसेने आणलेल्या सशाच्या वाट्याला ती येऊ नये, इतके तरी आपण पाहू शकतो.